भादवा सरताना रतनवाडी: रतनगड, घाटघर, कळसूबाई

पावसाळी ट्रेक म्हटलं की लोकांच्या डोक्यात जुलै-ऑगस्ट इतकं फिट बसलंय की सप्टेंबरचा शेवटचा आठवडा कुणी धरतच नाही. माझं तर ठाम मत आहे की आपल्या सह्याद्रीत जायचे सगळ्यात भारी दिवस हेच. पाऊस ओसरलेला असतो पण पूर्ण गेलेला नसतो, ओढे वाहते असतात, धुकं सकाळी येतं आणि नऊ-दहाला उठतं त्यामुळे समोरचं सगळं दिसतं पण, आणि फुलं तर काय सांगू. ऑक्टोबर निम्मा झाला की गवत पिवळं पडायला लागतं, ऊन चटका देतं, मग मजा गेली. त्यात पितृपक्ष असला की आणखी बरं, गर्दी कमी असते. नवरात्र बसलं की कळसूबाईला यात्रा, रात्रंदिवस माणसं वर. म्हणून आम्ही घटस्थापनेच्या आधीचा आठवडाच पकडला. मी, नवरा, माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची कॉलेजला जाणारी मुलगी. ठरवून एकाच गावात मुक्काम ठेवला, रोज सामान उचलून नवीन ठिकाणी पळायचं नाही.

बुधवार

ठाण्याहून पहाटेच निघालो. कसारा घाटात धुकं होतं, इगतपुरी ओलांडल्यावर आभाळ मोकळं झालं. घोटीला नाश्ता आणि चहा. घोटी म्हणजे भाताच्या गिरण्यांचं गाव, तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी भातच भात. सप्टेंबर अखेरीला हळवा (लवकर तयार होणारा) भात लोंब्यांवर आलेला असतो आणि गरवा (उशिरा होणारा) अजून हिरवागार, त्यामुळे एकाच शिवारात हिरव्याच्या चार-पाच छटा दिसतात. उजव्या हाताला कुलंग, मदन, अलंग आणि पुढे कळसूबाई अशी ओळ. कळसूबाईचा माथा ढगात होता. भावाचं म्हणणं होतं आजच चढून टाकूया, पण वहिनीने साफ नाही म्हटलं आणि बरं झालं, कारण शेंडीला पोचेपर्यंत वर ढग आणखी दाटले.

शेंडी म्हणजेच लोक ज्याला भंडारदरा म्हणतात ते गाव. धरण १९२६ साली पूर्ण झालं, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने विल्सन डॅम. ११ टीएमसीचं धरण, सगळं दगडी बांधकाम, प्रवरेवर. काठोकाठ भरलेलं होतं. बागेच्या बाजूने अंब्रेला फॉल चालू होता, गोलाकार खडकावरून पाणी पसरून पडतं. तिथे फार वेळ नाही थांबलो, फोटोवाल्यांची रांग होती.

शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी. जलाशयाला वळसा घालत जाणारा हा रस्ता मला फार आवडतो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कड्यांवरून येणाऱ्या पाण्याच्या बारीक पांढऱ्या रेघा. खड्डे आहेत, वेळ धरून निघा. रस्त्याच्या कडेने तेरडा इतका फुललेला की उतारच्या उतार गुलाबी. मध्येच खुरासणीची शेतं, पिवळी फुलं नुकती उमलायला लागलेली.

मुक्काम गावातल्या एका घरी. मामा, मामी, त्यांचा मुलगा (तोच आमचा वाटाड्या, आम्ही त्याला दादा म्हणायचो) आणि आजी. पडवीत गाद्या, मागे न्हाणी, चुलीवर पाणी. जेवायला तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि कारळ्याची चटणी. ही खुरासणीचीच चटणी, कोरड्या लाल मिरचीबरोबर कुटलेली, शहरात पाकिटातून मिळते तिला ही चव नाही.

संध्याकाळी अमृतेश्वराच्या देवळात. गावाच्या कडेलाच आहे. शिलाहारांच्या काळातलं म्हणतात, हजारेक वर्षांपूर्वीचं, आणि दगडावरचं काम बघताना मान दुखते तरी नजर निघत नाही. शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी वर चढत गेल्यात. आत खांबांवर बारीक कोरीव काम. पावसात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते, आम्ही गेलो तेव्हाही पाणी होतंच, समईच्या उजेडात हलत होतं. जवळच पुष्करणी आहे, भिंतींमध्ये देवळ्या आणि त्यात मूर्ती. भाची तासभर स्केच काढत बसली, मी तिच्याबरोबर नुसती बसले.

रात्री अंगणात आलो तर वर आकाशगंगा. अमावस्या जवळ आली होती, चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता, आणि परतीच्या पावसाने हवा धुऊन निघालेली. नैर्ऋत्येला वृश्चिक मावळतीकडे झुकलेला, त्याच्या वरच्या अंगाला धनु, तिथून आकाशगंगेचा पट्टा निघून थेट डोक्यावरच्या हंसापर्यंत, एका बाजूला अभिजित, दुसऱ्या बाजूला श्रवण. जुलैत आकाश दिसत नाही आणि डिसेंबरात हा भाग संध्याकाळीच मावळलेला असतो, म्हणजे पाऊस संपताना जो मोकळा आठवडा मिळतो तोच खरा.

गुरुवार

सकाळी सातला रतनगडाकडे. हा सगळा भाग कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासूनचं अभयारण्य आहे, गावातच शुल्काची पावती फाडावी लागते. सुरुवातीला वाट प्रवरेच्या ओढ्याला धरून जाते, तीनचार वेळा ओढा ओलांडायचा, गुडघ्याच्या खालीच पाणी होतं पण दगड शेवाळलेले. दादाने बजावलं होतं की उड्या मारू नका, सरळ पाण्यात पाय घाला, बूट ओले होऊ देत. अगदी बरोबर सल्ला, कोरडे बूट ठेवायच्या नादातच माणसं पडतात.

मग दाट रान. इथे सूर्य पोचत नाही. शीळ घालणारा कस्तूर सकाळभर गात होता, गुराख्याने वाजवल्यासारखी लांब वळणावळणाची शीळ, दिसला मात्र एकदाच, काळा-निळा, ओढ्यातल्या दगडावर. शेकरू दिसली, उंच झाडावर, लांब शेपूट खाली सोडून काहीतरी खात होती. वाटेत या दिवसांत कोळ्यांची मोठमोठी जाळी असतात, दोन झाडांच्या मध्ये ताणलेली, आणि मधोमध तळहाताएवढी कोळीण. दादा पुढे होता, जाळं आलं की तो हातानं तोडायचा नाही, वाकून खालून जायचा आणि आम्हालाही वाकायला लावायचा. ‘तिनं रातभर विणलंय, आपण कशाला मोडायचं?’ एवढंच म्हणाला. मला तो माणूस तिथेच आवडला.

एका ठिकाणी वाटा फुटतात, एक कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते आणि दुसरी गडावर. तिथून चढ उभा होतो आणि मग लोखंडी शिड्या. वहिनीला उंचीची भीती आहे. दादाने तिच्या मागे राहून एकेक पायरी सांगत तिला वर नेली, घाई केली नाही, मागून आलेल्या ग्रुपला थांबवून ठेवलं. तेही शांतपणे थांबले. शिडीवर एका वेळी एकच माणूस, हे सगळ्यांनी पाळलंच पाहिजे.

गणेश दरवाज्यातून आत आलो, गुहेत रत्नादेवीचं दर्शन घेतलं, शेजारच्या मोठ्या गुहेत डबा खाल्ला. आणि मग गडाच्या माथ्यावर. आता इथे मी काय लिहू. अख्खं पठार सोनकीने पिवळं. पायवाट सोडली तर जागा नाही अशी सोनकी, गुडघ्यापर्यंत, वाऱ्यावर सगळी एका दिशेला झुकायची आणि परत उभी राहायची. या डोंगरांवर बेसॉल्टवर मातीचा थर अगदी पातळ असतो, पाऊस थांबला की ओल महिन्याभरात उडून जाते, म्हणून या झाडांना सगळा संसार एवढ्यातच उरकायचा असतो: उगवायचं, फुलायचं, बी धरायचं. म्हणून तर सगळं एकदम फुलतं. सोनकीच्या खाली वाकून बघा, तिथे दुसरंच जग आहे. ओल्या कातळावर सीतेची आसवं, बोटाच्या पेराएवढी निळी-जांभळी फुलं. दिसायला एवढी नाजूक आणि आहे कीटकभक्षी! मातीत नत्र कमी म्हणून मुळांपाशी बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. बाजूला गेंदाची पांढरी बटणं आणि आभाळीची निळी फुलं. भाची पोटावर झोपून फोटो काढत होती, पण झोपली वाटेवर. तिला हे सांगावं लागलं नाही याचा मला फार आनंद झाला.

कारवी मात्र नुसती हिरवी होती. ती सात वर्षांनी एकदा फुलते, सगळी एकदम, मग बी टाकून वाळते. दादा म्हणाला कारवी फुलली की गावात मधाचा हंगाम, तेव्हा या.

हे एवढं सुंदर आणि त्यातच एक टोळकं ब्लूटूथ स्पीकर लावून सोनकीत लोळत रील करत होतं. पाचसहा जणांनी लोळलं की तेवढा तुकडा झोपतो, त्यातली फुलं बी धरत नाहीत, पुढच्या वर्षी तिथे सोनकी कमी. नवऱ्याने जाऊन नीट समजावलं. उठले बिचारे, स्पीकरही बंद केला. म्हणजे सांगितलं तर ऐकतात लोक, आपण सांगत नाही.

नेढ्यापर्यंत जायला थोडं कातळारोहण आहे, हात लावून जावं लागतं. नेढं म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भलंमोठं भोक, वाऱ्या-पाण्याने झिजून झालेलं. वारा असा की टोपी हातात धरून बसावं लागलं. आत बसलं की दोन बाजूंना दोन वेगळी जगं. इकडे भंडारदऱ्याचं पाणी आणि कळसूबाईची रांग, अलंग-मदन-कुलंग. तिकडे सरळ खाली कोकण, आजोबाचा डोंगर, आणि ढगांचे तुकडे आपल्या पायाखालून जातायत. तासभर तरी बसलो, कुणालाच उठायचं नव्हतं.

उतरताना त्र्यंबक दरवाज्याने आलो. कातळात खोदलेल्या पायऱ्या, गुडघ्यांची परीक्षा घेणाऱ्या उंच. गडाला वळसा घालून परत रतनवाडी, पोचायला साडेपाच. मामींनी कढत पाणी ठेवलं होतं.

शुक्रवार

पाय बोलत होते म्हणून आज गाडीने. सकाळी साम्रद. सांदण दरीत उतरायचा प्रश्नच नव्हता, या दिवसांत आत पाणी असतं आणि वर कुठे सर आली तर त्या अरुंद घळीत लोंढा येतो, पळायला जागा नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोनशे फूट भिंती. दादा म्हणाला, ‘दिवाळीनंतर या, खुशाल नेतो.’ कुणी सप्टेंबरात नेतो म्हणालं तरी जाऊ नका. आम्ही तोंडापाशीच थांबलो, थंडगार हवा आतून येत होती.

तिथून घाटघरचा कोकणकडा. इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे जी पर्यटक बघत नाहीत, ती म्हणजे उदंचन प्रकल्प. वर घाटघरला एक धरण, खाली कोकणात चोंढ्याला दुसरं. जेव्हा विजेची मागणी जास्त तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करायची, आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं. २५० मेगावॅटचा, २००८ पासून चालू आहे. नवरा इलेक्ट्रिकलवाला, त्याने भाचीला कड्यावर उभं राहून सगळं समजावलं, तिने प्रश्न पण भरपूर विचारले.

एकच्या आत परत यायचं होतं कारण मामांच्या चुलत भावाकडे पितर होते आणि आम्हाला जेवायला बोलावणं होतं. ओळख ना पाळख, पण पित्राच्या दिवशी दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय जाऊ नये असं तिथे सगळेच म्हणाले. अळूची भाजी, भोपळा, गवार, कढी, वडे, तांदळाची खीर, आणि घरच्या काळभाताचा भात. आधी छपरावर घास ठेवला, कावळा लगेच आला, मग पानं वाढली. पंगतीत आजोबांच्या शेजारी बसले होते, ते जुनं सांगत होते. राघोजी भांगरे याच तालुक्यातले, देवगावचे, सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठले, २ मे १८४८ ला त्यांना ठाण्याच्या जेलमध्ये फाशी दिलं. मी म्हटलं, ‘बाबा, मी त्या जेलच्या समोरून रोज ऑफिसला जाते.’ त्यांनी जेवण थांबवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तिथं त्यांचं नाव घेतात का लोक? मला उत्तर देता येईना. एवढी वर्षं त्या भिंतीवरून जाते आणि मनात राघोजींचा विचार कधी आला नाही, आता येईल.

जेवण झालं आणि अडीच-तीनच्या सुमाराला पूर्वेकडून आभाळ काळं झालं. परतीचा पाऊस असाच, सकाळ लख्ख आणि दुपारनंतर गडगडाट. दीड तास कोसळला. आम्ही पडवीत, आजी सुपात वरई निवडत बसलेल्या. मी म्हटलं भाताचं नुकसान होईल का, तर त्या म्हणाल्या, ‘उत्तरा नक्षत्र हाय ताई, पडू दे. न पडतील उत्तरा तर भात मिळंना पितरा.’ लोंबी भरायला आत्ताच पाणी लागतं, या पाण्यावर दाणा ठरतो. नुकसान होतं ते पुढे, कापणीला आलेल्या पिकावर पडला तर. आम्हा शहरवाल्यांना पाऊस म्हणजे ट्रेक होणार की नाही एवढंच, त्यांना त्यातलं वर्षाचं धान्य दिसतं.

पाऊस थांबल्यावर समोरच्या सगळ्या कड्यांवर धबधबे, मोजायला गेलो आणि सोडून दिलं. अशा वेळी वरच्या वाटांवर असू नये, म्हणून या दिवसांत गडावरून दुपारी दोनच्या आत उतरायला लागावं. विजा चमकत असताना लोखंडी शिडी म्हणजे सरळ धोका.

शनिवार

कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याच्यावर काही नाही. शनिवार म्हणजे गर्दी होणारच, म्हणून चारला मामा-मामींचा निरोप घेऊन निघालो, बारी गावात पोचलो तेव्हा अंधारच होता. डोक्यावर मृग आणि खाली व्याध झगझगीत. हेडटॉर्च लावून चढायला सुरुवात. वाट चुकायचा प्रश्न नाही, रुळलेली आहे, पायऱ्या आहेत, रेलिंग आहेत आणि अवघड कातळांवर शिड्या. पण चढ सतत आहे, कुठे सपाटी मिळाली असं वाटेपर्यंत पुढचा टप्पा. दम लागतो, लागू द्यायचा, थांबत थांबत जायचं.

साडेसहाच्या आसपास पूर्वेला उजाडलं तेव्हा आम्ही अर्ध्यावर होतो. खाली बारीच्या शेतांवर धुक्याचा थर, त्यातून झाडांचे शेंडे वर आलेले. एका झोपडीत चहा मिळाला, ती ताई रोज पहाटे हंडा आणि सामान घेऊन वर येते. तिने कळसूबाईची गोष्ट सांगितली. काळू नावाची कोळ्यांची पोर पाटलाकडे कामाला होती, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही या अटीवर. एक दिवस तिला तेच करायला लावलं, तिने भांडी घासली आणि सगळं सोडून डोंगरावर निघून गेली ती कायमची. वर तिचं देऊळ. भाची म्हणाली ही गोष्ट शाळेत का नाही शिकवत.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, थंड पाणी. शिडी चढलं की माथा, शेंदरी रंगाचं चिमुकलं देऊळ, दोन माणसं कशीबशी मावतील एवढं. साडेआठ वाजले होते, वर मोजकीच माणसं. ढग खाली, आम्ही वर. उत्तरेला लांब सप्तशृंगीची रांग, दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगडाचा खुटा म्हणजे सुळका आणि नेढ्याचा ठिपका, आणखी मागे हरिश्चंद्रगड. दोन दिवसांपूर्वी आपण त्या ठिपक्यात बसलो होतो म्हणून वहिनी ओरडलीच! आणि हो, शेवटची शिडी ती एकटी चढली, कुणी मागे नव्हतं.

उतरताना मात्र खालून रांगच्या रांग वर येत होती. शिड्यांवर अर्धा-अर्धा तास थांबावं लागलं. वाटेवर वेफरची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या. आम्ही एक मोठी पिशवी भरून खाली आणली, भाचीचीच कल्पना, आणि मग तीनचार अनोळखी पोरंही उचलायला लागली. बारीत पोचलो साडेअकराला, पिठलं-भाकरी खाल्ली आणि परतीला लागलो. डिकीत मामांकडून घेतलेला काळभाताचा तांदूळ दहा किलो.

जाणाऱ्यांसाठी थोडं. गाडी नसेल तर लोकलने कसारा, तिथून घोटीपर्यंत जीप किंवा एसटी आणि पुढे राजूरच्या बाजूची गाडी पकडून बारी किंवा शेंडी. रतनवाडीला जायला शेंडीहून जीप ठरवावी लागते. मोबाइलला रेंज जवळपास नाही, घरी आधीच सांगून ठेवा. रोख पैसे ठेवा. काठी न्या, जास्तीचे मोजे न्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या नेऊ नका, वाटाड्या गावातलाच घ्या. आणि सोनकी बघायची असेल तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा संपायच्या आत रतनगड गाठा.